राजीनाम्याचं पत्र थांबवा, चाइल्ड प्लॅनचं नंतर बोलू

इंदूरच्या राजेंद्र नगरमधून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचं वय ४१, यजमानांचं ४७. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिसऱ्या आयव्हीएफला यश आलं, आता विसावा आठवडा चालू आहे. ताई सांवेर रोडवरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, नोकरीला चार वर्षं चार महिने झाले, हातात ५८ हजार येतात. यजमान पीथमपूरला, हातात ७२ हजार, रिटायरमेंट ५८ व्या वर्षी. फ्लॅटचा हप्ता २४ हजार, अजून नऊ वर्षं. आयव्हीएफसाठी काढलेल्या पर्सनल लोनचा हप्ता साडेअकरा हजार, बाकी सव्वाचार लाख. घरखर्च ४५ हजार, एसआयपी १० हजार, एफडी ३ लाख.

प्रश्न असा: "बँकेतल्या आरएमनी (रिलेशनशिप मॅनेजरनी) चाइल्ड प्लॅन दिलाय, महिन्याला दहा हजार बारा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी पंचवीस लाख गॅरंटीड. पहिला चेक दिलाय. बाळासाठी हे बरोबर केलं ना?"

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: "सातव्यात डोहाळजेवण झालं की मी नोकरी सोडणार आहे, सासूबाईंचंही तेच म्हणणं आहे. नोटिस पिरियड दोन महिन्यांचा म्हणून पुढच्या आठवड्यात पत्र देईन. २२ सुट्ट्या शिल्लक आहेत त्यांचे पैसे मिळतील. दोन-तीन वर्षांनी परत नोकरी बघू, तोवर ह्यांचं प्रमोशनही होईल. हेल्थ इन्शुरन्सची काळजी नाही, मागच्या वर्षी स्वतःची फॅमिली पॉलिसी घेतलीय."

ताई, आधी मनापासून अभिनंदन. चौदा वर्षं आणि तीन सायकल म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो, प्लॅनचं उत्तर दोन मिनिटांचं आहे, खरा घोळ त्या शेवटच्या चार ओळींत आहे. पुढच्या आठवड्यात ते पत्र देऊ नका.

आठवडे मोजून बघा. पुढच्या आठवड्यात पत्र दिलंत तर साधारण तिसाव्या आठवड्यात मोकळ्या व्हाल. आणि कायद्याने मॅटर्निटी लीव्ह ड्यू डेटच्या आठ आठवडे आधीपासून घेता येते, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापासून. दोन आठवडे, फार तर तीन, एवढाच फरक आहे आणि तेवढ्यासाठी तुम्ही २६ आठवड्यांची भरपगारी सुट्टी सोडून चालला आहात! २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे मिळतात, ड्यू डेटच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की झालं, तुमचं तर कधीच झालंय. ते दोन-तीन आठवडे तुमच्या शिल्लक २२ सुट्ट्यांत निघतात. सुट्ट्यांचे पैसे घेण्यापेक्षा त्या सुट्ट्या घ्या.

आता पैसे. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, ५८ हजाराने साडेतीन लाख. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते त्या पैशांना, पाच वर्षं लागतात, आत्ता सोडलंत तर साडेचार वर्षांवर बाहेर पडाल आणि काहीच हाती येणार नाही, पण मॅटर्निटी लीव्ह सलग नोकरीतच धरली जाते, म्हणजे ती संपेपर्यंत पाच वर्षं पूर्ण होतात. तुमचं बेसिक पगाराच्या निम्मं धरलं तरी ऐंशी-पंच्याऐंशी हजार होतात. त्यात कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून बाळंतपणाचे पन्नास-पंच्याहत्तर हजार मिळत असतील, बऱ्याच ग्रुप पॉलिसीत असतात, एचआरला आजच विचारा. सगळं मिळून पाच लाखांच्या आसपास गेलं. तुमचं अख्खं पर्सनल लोन फिटून वर काही उरेल एवढी रक्कम आहे ही.

पण मला पाच लाखांपेक्षा त्या "हेल्थ इन्शुरन्सची काळजी नाही" या वाक्याची जास्त काळजी वाटली. मागच्या वर्षी घेतलेल्या फॅमिली पॉलिसीत बाळंतपण असलंच तर त्याला वेटिंग पिरियड असतो, कुठे नऊ महिने, बऱ्याच ठिकाणी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. आणि नवजात बाळाला अशा पॉलिसीत साधारणपणे ९० दिवसांनंतरच घेतात. पहिले ९० दिवस बाळाच्या नावावर काहीच नाही. आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, लागतो तो नेमका पहिल्या काही दिवसांत. चाळिशीनंतरच्या आणि आयव्हीएफच्या गरोदरपणात बीपी, शुगर, वेळेआधी बाळंतपण यांचं प्रमाण जास्त असतं हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, घाबरवायला नाही सांगत, सगळं छान होईल अशीच इच्छा आहे, पण हिशोबात ते धरावंच लागतं. खासगी हॉस्पिटलात एनआयसीयूचे दिवसाला दहा-पंधरा हजार सहज होतात. वीस दिवस बाळ आत राहिलं तर तुमची तीन लाखांची एफडी संपली. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर असतं, फक्त जन्मानंतर ठरलेल्या मुदतीत नाव घालायचं असतं. ती पॉलिसी तुमच्या नोकरीला जोडलेली आहे. नोकरी गेली की शेवटच्या दिवशी तीही गेली. यजमानांच्या कंपनीच्या पॉलिसीत बाळंतपण आणि बाळ आहे का तेही विचारा, पण ते कळेपर्यंत तुमची सोडू नका.

आता दर महिन्याचं गणित. तुमचा पगार थांबला की घरात ७२ हजार. दोन हप्ते गेले की साडेछत्तीस उरले आणि घरखर्च पंचेचाळीस. म्हणजे बाळाचं दूध, डायपर, लसी काहीही न धरता साडेआठ हजारांची तूट. त्यावर एसआयपी आणि हा नवा प्लॅन चालू ठेवला तर तूट साडेअठ्ठावीस हजार, एफडी दहा-अकरा महिन्यांत साफ. मग पहिली गोष्ट काय बंद होईल? हाच चाइल्ड प्लॅन, दुसऱ्या वर्षी, नुकसान सोसून. आरएमना तुमच्या राजीनाम्याचं माहीत होतं का? माहीत असून विकला असेल तर चीड येण्यासारखं आहे, आणि विचारलंच नसेल तर तेही तेवढंच वाईट, वीस वर्षांचा कागद सही करून घेताना पुढच्या वर्षी पगार आहे का एवढं तरी विचारायला हवं.

"प्रमोशन होईल" आणि "दोन-तीन वर्षांनी परत बघू" या दोन्ही गोष्टी झाल्या तर आनंदच आहे, पण यावर घराचा हप्ता ठेवता येत नाही. अकाउंट्समध्ये तीन वर्षांच्या गॅपनंतर ४५ व्या वर्षी ५८ हजारांवर कुणी लगेच घेईल असं धरू नका, आधी खालच्या पगारावर जावं लागतं असंच मी बघत आलोय.

आणि याहून मोठी गोष्ट, जी तुमच्या घरात कुणी मांडलेली दिसत नाही. यजमानांच्या नोकरीची ११ वर्षं राहिली. ते रिटायर होतील तेव्हा बाळ दहा-अकरा वर्षांचं असेल, पाचवी-सहावीत. तुमची साठपर्यंत धरली तर १९ वर्षं आहेत, आणि तुम्ही साठच्या व्हाल तेव्हा मूल अठराचं. म्हणजे घरात सगळ्यात जास्त वर्षं कमावू शकणारी व्यक्ती तुम्ही आहात, आणि नोकरी सोडायचं ठरतंय ते तुमची. ५८ हजार गुणिले बारा गुणिले एकोणीस, एकही इन्क्रिमेंट न धरता एक कोटी तीस लाख. बाळाचा फंड हा आहे. त्यापुढे आरएमचे पंचवीस लाख बाजूला ठेवा. शिवाय याच वर्षांत तुमच्या दोघांच्या म्हातारपणाचेही पैसे उभे करायचे आहेत, शिक्षणाला लोन मिळतं, सत्तराव्या वर्षी घर चालवायला कोणी देत नाही.

इतक्या वर्षांनी झालेल्या बाळाला सोडून कामावर कसं जायचं, हा प्रश्न मला कळतो आणि त्याला मी आकड्याने उत्तर देणार नाही. मी एवढंच म्हणतोय की तो निर्णय आत्ता पाचव्या महिन्यात घ्यायची गरज नाही. सुट्टी घ्या, बाळ चार-साडेचार महिन्यांचं होईल तेव्हा ते हातात घेऊन ठरवा. वेळेआधी बाळंतपण झालं किंवा तब्येतीचा त्रास झाला तर आणखी एक महिना भरपगारी मिळतो. सुट्टीनंतर काही काळ घरून काम कंपनीशी बोलून ठरवता येतं, अकाउंट्सला तर नक्की विचारा. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय द्यावी लागते. "सगळा पगार बाईवरच जाईल" असं घरात कुणी म्हटलं तर दिवसभराच्या बाईला पंधरा हजार धरा, तरी त्रेचाळीस उरतात. सासूबाईंना हे गणित कागदावर दाखवा, त्यांना तुमची दगदग नकोय, तुमचा पगार नकोय असं नाही. आणि डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली तर ती घ्यायचीच, पण मेडिकल सर्टिफिकेट देऊन रजेवर जा, राजीनामा देऊन नाही.

तर आज उद्यात एचआरला मेल करा, ड्यू डेट कळवा, सुट्टी कधीपासून ते लिहा. एकदा सुट्टीवर गेलात की त्या कारणाने तुम्हाला काढता येत नाही.

आता प्लॅन. तुम्ही भरणार १४ लाख ४० हजार, वीस वर्षांनी मिळणार २५ लाख, हा वर्षाला जेमतेम चार टक्के परतावा झाला. तेच दहा हजार बारा वर्षं पीपीएफमध्ये टाकून विसाव्या वर्षापर्यंत ठेवले तर आजच्या ७.१ टक्क्यांनी अडतीस-एकोणचाळीस लाख होतात. महागाई सहा टक्के धरली तर त्या वेळचे पंचवीस लाख म्हणजे आजचे आठ लाखही नाहीत, त्यात कोणतं इंजिनिअरिंग होणार? वर विमा तुमच्या नावावर, बारा लाखांचा, आणि फ्लॅटचं लोन ज्यांच्या पगारावर चाललंय त्या यजमानांचा स्वतःचा टर्म इन्शुरन्स (परतावा नसलेला, निव्वळ जिवाचा विमा) शून्य, निदान पत्रात तरी नाही. त्यांचा एक कोटीचा ६५ पर्यंतचा टर्म या महिन्यात घ्या, या वयात हप्ता वर्षाला चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाईल, बीपी-शुगर असेल तर वरही, पण लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं. सप्टेंबर २०२५ पासून यावर जीएसटी नाही. तुमचा टर्म बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी, कारण गरोदरपणात बऱ्याच कंपन्या अर्ज पुढे ढकलतात. मुलगी झाली तर सुकन्या समृद्धी उघडा, ८.२ टक्के आहे, पण पूर्ण पैसे २१ वर्षांनी मिळतात, अठराव्या वर्षी शिक्षणाला निम्मे, म्हणून सगळं त्यातच नको, एसआयपी चालू राहू दे.

आणि दिलेला चेक. पॉलिसीचा कागद किंवा ईमेल हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, त्यात रद्द केली तर स्टँप ड्यूटी, मेडिकल आणि झालेल्या दिवसांचा किरकोळ विमाखर्च कापून पैसे परत येतात. आरएम म्हणतील थांबा मॅडम, मॅनेजरशी बोलतो, पुढच्या आठवड्यात या. थांबू नका, इन्शुरन्स कंपनीच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि तारखेचा शिक्का मारलेली कॉपी घेऊन या.