तक्रार तुमची आहे की घरच्यांची?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ दहा महिन्यांचं आहे, अंगावर पाजता, सरकारी दवाखान्यातून अंतराचं, म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन घेता, बाळंतपणापासून शरीरसंबंधाची इच्छाच होत नाही आणि नवरा त्यावरून रुसून आहे. मध्येच एक वाक्य येऊन गेलंय, 'थोडं दुखतं, पण ते चालतं.' मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ते चालत नाही. जी गोष्ट दरवेळी दुखते तिची ओढ कोणालाही लागत नाही, अंग आधीच आखडून घेतं. इच्छेचं नंतर पाहू, आधी दुखण्याचं बघा.

पाजणाऱ्या बाईचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं हॉर्मोन, वाढलेलं असतं, त्यामुळे इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन कमी राहतं आणि योनीमार्ग कोरडा पडतो. टाक्यांची जागाही काहींना बरेच महिने दुखते. अंतरामुळेही काही जणींची इच्छा कमी होते, सगळ्यांची नाही. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाला थेट दोन गोष्टी विचारा: कोरडेपणासाठी काय लावू, आणि इंजेक्शनऐवजी तांबी चालेल का. तोवर औषधाच्या दुकानातलं पाण्याचं लुब्रिकंट वापरा. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, त्यानं रबर कमजोर होऊन फाटतं.

आता मी हे एवढं लांबलचक का लिहून राहिले ते सांगते. आई गेल्यानंतर मला मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. गोळीनं मला सावरलं, झोप परत आली, जेवण जाऊ लागलं. पण थोड्याच आठवड्यांत इच्छा पार सपाट झाली. गोळीचा आणि याचा संबंध असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग ओळखीतल्या कोणाच्या सांगण्यावरून आम्ही शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. तिथल्या मुलीनं केसपेपर भरताना सगळं माझ्या नवऱ्यालाच विचारलं आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: 'पत्नी सहकार्य करत नाही.' मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. आत डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं की पाळी नियमित आहे ना. 'चालू औषधे' हा रकाना कोरा राहिला. तो कोणी भरला असता तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. त्याऐवजी हॉर्मोनच्या तपासण्यांची यादी, एक पावडर, एक सिरप, आणि दर महिन्याला पुन्हा यायचं. पैसा गेला त्याचं तितकं वाटत नाही. घरात 'ही थंडच आहे' असा शिक्का बसला, तो निघायला फार वेळ लागला, आणि त्याचा राग मला आजही येतो.

उलगडा शेवटी माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनीच केला. एका भेटीत त्यांनी सरळ विचारलं, शरीरसंबंधात काही फरक पडलाय का? हे मला विचारणाऱ्या त्या पहिल्या. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन या जातीच्या गोळ्यांचा हा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे. त्यांनी डोस हळूहळू उतरवला, मग बुप्रोपियॉन या वेगळ्या जातीच्या गोळीवर आणलं, आणि काही महिन्यांत फरक दिसला. वाचणाऱ्या कोणाची अशी गोळी चालू असेल तर माझं वाचून ती स्वतःहून बंद करू नका. चक्कर, बेचैनी येते, मूळ आजारही उलटतो. आणि मी डॉक्टर नाही, माझ्यासोबत झालं ते तुमच्यासोबत होईलच असं नाही.

पण एका बाबतीत मी ठाम आहे. तक्रार बाईची हवी. हे माझंच म्हणणं नाही. 2013 सालच्या डीएसएम-5 या मानसोपचाराच्या निकषांतही इच्छा कमी असणं एवढ्यानं आजार ठरत नाही. साधारण सहा महिने तरी त्रास हवा, त्या बाईला स्वतःला त्याचा मनस्ताप व्हायला हवा, आणि औषध, दुसरा आजार किंवा नवरा-बायकोतला गंभीर तणाव हे कारण नसावं. नवऱ्याचा रुसवा त्यात कुठेच बसत नाही. तुम्हाला स्वतःला ही ओढ परत हवी आहे का, याचं उत्तर आधी मनाशी द्या. दवाखान्यात निदान पाच मिनिटं एकट्या बसून बोला, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा.

तपासण्यांचं म्हणाल तर थकवा असेल तेव्हा थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) पुरे, बाकी डॉक्टर सांगतील तसं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत रक्त कमी आढळलं होतं, आणि अशा अंगानं रात्री फक्त झोपच हवी असते. लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नका, लोह अंगी लागत नाही. पाजत असताना प्रोलॅक्टिन वाढलेलंच येणार, त्यात नवीन काही कळत नाही. टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावरून बाईची इच्छा कमी आहे असं निदान होत नाही, तरी पॅकेजमध्ये तो हमखास घुसवलेला असतो. लैंगिक ताकद वाढवण्याच्या जाहिरातींना तर 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या दिसतात. 'बायकांची व्हायग्रा' म्हणून ज्या फ्लिबॅन्सेरिनचा गवगवा होतो, तिला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. रोज घ्यायची गोळी, आणि चाचण्यांत फायदा काय, तर महिन्याला सरासरी एखादा समाधानाचा प्रसंग जास्त, तोही पुरता एक नाही. तुमच्या बाबतीत तिचा विचारही करू नका.

रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी 2000 साली मांडलं की बऱ्याच बायकांत आधी इच्छा आणि मग जवळीक असा क्रम नसतो. निवांत जवळीक मिळाली की इच्छा मागून जागी होते. मला हे फार पटतं, पण त्याला निवांतपणा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात अख्खं घर एकाच कुलरच्या खोलीत गाद्या टाकून झोपतं, सासूबाई कुशीला, बाळ मध्ये. तिथे इच्छा होत नाही यात बाईचं काय चुकलं? नवऱ्याला दुखण्याबद्दल स्पष्ट सांगा. बऱ्याच नवऱ्यांना ते खरंच माहीत नसतं. काही आठवडे संबंध बाजूला ठेवून नुसती जवळीक ठेवा, लैंगिक उपचारांत ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. तो रुसव्यावर न थांबता जबरदस्ती करत असेल तर मात्र हा विषय डॉक्टरांपुरता राहत नाही, महिला हेल्पलाइन 181 आहे.

जायचं कुठे, तर आपल्या नागपुरातली मेडिकल, मेयो, डागा, मिहानजवळचं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत, कुठेही स्त्रीरोग विभागात जा. धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांतच जायला हवं असं काही नाही. मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात. दूध कमी होऊन पाळी सुरू झाली की बऱ्याच जणींचं आपोआप सुधारतं, म्हणून घाबरू नका. पण अंतराच्या कार्डावरची पुढची तारीख आजच बघा आणि त्याआधी डॉक्टरांना भेटा. इंजेक्शन एकदा टोचलं की निदान तीन महिने त्याचा परिणाम मागे घेता येत नाही.