मुलाखतीला जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार, ताई. मी पारोळा तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि यंदा कृषी पदवी पूर्ण केली आहे. जळगावच्या एका ठिबक सिंचन कंपनीने क्षेत्र अधिकारी या पदासाठी मला मुलाखतीला बोलावले आहे. घरी आम्ही अहिराणी बोलतो. घाईत बोलताना माझ्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघून जाते. इंग्रजी समजते, पण बोलायची वेळ आली की शब्द सुचत नाहीत. बाजारातून प्रश्नोत्तरांचे पुस्तक आणून उत्तरे पाठ करते आहे, तरी धीर येत नाही. समोरच्यांवर चांगली छाप पडावी म्हणून मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, तालुका पारोळा

उत्तर : ते पाठांतर आजच थांबवा, ही माझी पहिली विनंती आहे. मी बरीच वर्षे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. ‘तुमच्या जमेच्या बाजू सांगा’ असे विचारले की एकामागून एक उमेदवार मेहनती स्वभाव, प्रामाणिकपणा आणि नवे शिकण्याची आवड हेच सांगतात, आणि संध्याकाळी निवडीची चर्चा सुरू होते तेव्हा कोण काय बोलले होते हे कोणालाही आठवत नाही. आठवतो तो उमेदवार, जो अर्जातल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवले तरी सहज बोलू लागतो, कारण ते काम त्याने स्वतः केलेले असते. म्हणून तुमचा बायोडेटा समोर घ्या आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर चार-पाच मिनिटे बोलता येते का ते पाहा. जिच्यावर बोलता येत नाही ती ओळ खोडून टाका. अर्ज आधीच पाठवला असेल, तर निदान तिचा अभ्यास तरी करा.

शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी तुम्ही कृषिकन्या म्हणून एखाद्या गावात काम केले असेलच. बहुतेक अर्जांत त्याविषयी ‘शेतकऱ्यांमध्ये जनजागृती केली’ एवढेच लिहिलेले असते, आणि त्यातून विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. समजा, तुम्ही कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणारे) लावून दाखवले असतील, तर ते कोणत्या महिन्यात लावले, हेक्टरी ५ सापळे कसे बसवले, गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज कोणी मोजले, आणि एका सापळ्यात सलग ३ दिवस ८ ते १० पतंग दिसल्यावरच फवारणीचा विचार करायचा हे शेतकऱ्याला कोणत्या शब्दांत समजावले, इतक्या बारकाव्याने सांगा. त्याने तुमचे ऐकले नसेल तर तेही सांगा, आणि का ऐकले नाही याविषयी तुम्हाला काय वाटते तेही सांगा. क्षेत्र अधिकाऱ्याचा बराचसा वेळ न पटलेल्या शेतकऱ्याला पटवण्यातच जातो, त्यामुळे तुमचे हे बोलणे पदवीच्या टक्केवारीपेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकले जाईल.

दुसरी तयारी कंपनीच्या मालाची. ठिबकचे फायदे सगळ्यांनाच सांगता येतात. कठीण प्रश्न असा येतो : ‘शेताच्या टोकाच्या झाडांना पाणी पोहोचत नाही, असा शेतकऱ्याचा फोन आला तर तुम्ही काय कराल?’ येथे गोंधळून ‘वरिष्ठांना विचारीन’ असे म्हणू नका. आधी फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहीन, दोहोंतला फरक वाढला असेल तर वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुऊन घेईन, जाळीचा फिल्टर उघडून साफ करीन, मग लॅटरलची (पिकाच्या ओळींतून जाणाऱ्या बारीक नळ्यांची) टोके उघडून साचलेला गाळ वाहून जाऊ देईन, आणि एवढे करूनही ड्रिपर (नळीवरची थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडे) बंदच राहिले तर त्यांच्यावर क्षारांचा पांढरा थर आहे की शेवाळ आहे हे बघून क्षारांसाठी आम्लप्रक्रिया, शेवाळासाठी क्लोरीनप्रक्रिया सुचवीन, असे क्रमाने सांगा. मात्र हे पुस्तकातून वाचून सांगितले की प्रत्यक्ष पाहून, ते समोरच्याला लगेच कळते. मुलाखतीपूर्वी एक सकाळ काढून ओळखीच्या कोणाच्या तरी शेतात जा, शक्य असेल तर चोपडा, यावल किंवा रावेरकडच्या केळीच्या बागेत जा, आणि फिल्टर धुताना स्वतः हात लावा. त्या शेतकऱ्याला कंपनीच्या सेवेविषयीच्या तक्रारीही विचारून घ्या. ‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे शेवटी विचारले जाते तेव्हा, विक्रीनंतर आपला अधिकारी शेतावर किती वेळा जातो, हा प्रश्न तुम्ही मनापासून विचारू शकाल.

आता भाषेचे. अहिराणी ही या नोकरीत तुमची अडचण नाही, ती तुमच्या जवळची मोठी जमा आहे, आणि हे मी तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला ज्यांच्याकडे जायचे आहे ते धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागातले अनेक शेतकरी घरात हीच भाषा बोलतात. अर्जात भाषांच्या रकान्यात अहिराणी ठळकपणे लिहा. बोलताना एखादा ‘शे’ निघून गेला तर माफी मागू नका आणि मागे जाऊन वाक्य सुधारू नका. पुढचे वाक्य शांतपणे बोला. इंग्रजीसाठी स्वतःची ओळख, शिक्षण आणि कार्यानुभव एवढ्यापुरती सात-आठ साधी वाक्ये स्वतः रचून ठेवा, आणि पुढचा प्रश्न इंग्रजीत आला तर ‘सर, प्रश्न मला समजला आहे, उत्तर मराठीत दिले तर चालेल का?’ असे सरळ विचारा. रोज रात्री घरातल्या कोणाला तरी प्रश्न विचारायला सांगून मोठ्याने उत्तरे द्या आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. आपण कुठे अडखळतो आणि कुठे उगाच घाई करतो, हे मनातल्या मनात उत्तरे घोळवून कधीच कळत नाही.

मुलगी म्हणून तुम्हाला ‘गावोगावी फिरणे जमेल का, लग्नानंतर काय?’ असेही विचारतील. तसे विचारणे मला योग्य वाटत नाही, पण ते घडते, म्हणून उत्तर तयार असू द्या. दुचाकी चालवता येते, परवाना आहे, कार्यानुभवाच्या काळात शिवारात फिरले आहे, एवढे ठामपणे सांगा. लग्नाविषयी ‘नोकरी करायचीच हे घरात ठरलेले आहे’ यापलीकडे खुलासा करण्याची गरज नाही. पगाराचा आकडा विचारला तर तुमच्या महाविद्यालयातून गेल्या वर्षी लागलेल्यांना काय मिळते याची आधी चौकशी करून ठेवा आणि पेट्रोलचा खर्च पगारातच धरला आहे की वेगळा मिळतो, हे विचारायला संकोच करू नका.

बाकीचे थोडक्यात. इस्त्री केलेले, वापरातले, अंगाला सवय असलेले कपडे घाला. नवी चप्पल त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बसमधून उतरून थेट आत शिरू नका. अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा, पाणी प्या, चेहरा धुवा. गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला आणि झेरॉक्सचे दोन संच क्रमाने लावून न्या. मूळ कागदपत्रे दाखवा आणि परत घ्या. ती कंपनीकडे ठेवून घेण्याची अट असेल, किंवा नोकरीसाठी अनामत रक्कम मागितली जात असेल, तर तेथून उठून या, मग कंपनीचे नाव कितीही मोठे असो.

प्रश्न : मी नंदुरबारचा असून पदवीनंतर चार वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी केली. यश आले नाही. आता एका पतसंस्थेत लिपिकपदासाठी मुलाखत आहे. या चार वर्षांविषयी विचारले तर काय सांगावे?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : जे केले ते दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ड’च्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या, त्यामुळे तुमच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षे फक्त लेखी परीक्षा दिलेल्या असतात आणि समोर बसून बोलायचा प्रसंग प्रथमच येतो, अशा वेळी माणूस गरजेपेक्षा जास्त खुलासे करू लागतो. एखादी पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाला असाल तर वर्षासह सांगा. अंकगणित, मराठी लेखन आणि सहकाराविषयी जे वाचले ते या कामात कसे उपयोगी पडेल ते सांगा. ‘पुन्हा परीक्षा देणार का?’ हा प्रश्न नक्की येईल, कारण शिकवून तयार केलेला माणूस सहा महिन्यांत निघून जाण्याचा अनुभव त्यांनी घेतलेला असतो. देणार नसाल तर तसे स्पष्ट सांगा. अजून ठरले नसेल, तर मुलाखतीच्या आधी घरी बसून ठरवा. ते तेथे खुर्चीत बसून ठरवता येत नाही.