बर्फातल्या गावाला अणुभट्टीची ऊब

प्रश्न: उत्तर ध्रुवाकडच्या गावांना छोट्या अणुभट्टीतून वीज आणि घरं गरम ठेवायला उष्णताही देतात असं ऐकलं, खरंय का? आणि नळाला रेडिएशनवालं पाणी तर येत नाही ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर: हो, खरंय. रशियाच्या पार ईशान्य टोकाला चुकोत्कात पेवेक नावाचं बंदर आहे, चार-पाच हजार वस्तीचं, तिथे धक्क्याला 'अकादमिक लोमोनोसोव्ह' नावाचं १४४ मीटर लांब जहाज बांधून ठेवलंय, त्याच्या पोटात दोन छोट्या अणुभट्ट्या आहेत. त्याला स्वतःचं इंजिन नाही, २०१९ मध्ये मुर्मान्स्कहून ओढत आणलं. डिसेंबर २०१९ ला वीज सुरू झाली आणि २०२० मध्ये गावाला उष्णता.

आता गंमत बघा, दोन भट्ट्या मिळून उष्णता तयार होते ३०० मेगावॅट आणि त्यातून वीज मिळते फक्त ७०. आपल्याकडे उरलेली उष्णता बाहेर सोडून द्यावी लागते, पण जिथे हिवाळ्यात हीटर बंद पडला तर जिवावर बेततं तिथे ती उष्णताच सोन्यासारखी, म्हणून मला तरी वाटतं की अशा गावांसाठी विजेपेक्षा ऊब हाच खरा मुद्दा आहे.

नळाची काळजी करू नका. भट्टीतलं पाणी बंद नळ्यांतच फिरतं, ते दुसऱ्या पाण्याची वाफ करतं, त्या वाफेवर टर्बाइन चालतं, मग तिथली थोडी वाफ काढून आणखी एका वेगळ्या पाण्याला तापवतात आणि ते गरम पाणी पाईपने घराघरातल्या, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये जातं. म्हणजे उष्णता पुढे जाते, पाणी मिसळत नाही. जमीन कायम गोठलेली, त्यामुळे त्या भागात असे पाईप जाड वेष्टण घालून जमिनीवरूनच नेतात.

आणि हे काही आजचं नाही, चुकोत्कातल्याच बिलिबिनो गावात १९७४ पासून अशीच वीज आणि उष्णता देणारं केंद्र आहे, १२-१२ मेगावॅटच्या चार भट्ट्यांचं. त्यातली पहिली आता बंद केलीय.

पण सगळीकडे जमलं नाही. अलास्कात युकॉन नदीकाठच्या गलीना गावाला तोशिबाची १० मेगावॅटची भट्टी बसवायचं वीसेक वर्षांपूर्वी चाललं होतं, डिझेलच्या खर्चाने लोक टेकीला आले होते, तरी ती काही उभी राहिली नाही. शिवाय एवढ्याशा गावाला भट्टी बंद पडली तर दुसरी सोय तयार लागतेच, वापरलेल्या इंधनाचंही बघावं लागतं, लोमोनोसोव्हवर ते जहाजातच साठवतात. गावकऱ्यांना हे सगळं आधी नीट सांगूनच भट्टी आणावी असं मला मनापासून वाटतं, कारण डिझेलची टाकी उद्या उचलून नेता येते, हे तसं नाही.