वाचक विचारतात: घर आत्ताच मुलाच्या नावावर करू का?

या वेळी पत्रं बरीच आली आणि निम्म्याहून जास्त एकाच विषयावर, घर कुणाच्या नावावर करायचं आणि कधी. सगळी छापता येणार नाहीत, म्हणून चार निवडलीत. नावं अर्थातच काढून टाकलीत. हिंदू वारसा कायदा ज्यांना लागू होतो त्यांचीच ही पत्रं आहेत, तेव्हा वारसांबद्दलचं उत्तर तेवढ्यापुरतं धरा.

प्रश्न: ताई, माझं वय 71. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली. राहता फ्लॅट माझ्याच नावावर आहे, माझ्या नोकरीच्या पैशातून घेतलेला. मुलगा-सून माझ्याजवळ असतात, मुलगी सासरी. मुलगा सहा महिने मागे लागलाय की आत्ताच बक्षीसपत्र करून दे, 200 रुपयांत काम होतं, नंतर मृत्युपत्राची भानगड नको. तसा स्वभावाने चांगलाय हो. मुलगी म्हणते अजिबात करू नकोस. मला दोघांचंही पटतं.

उत्तर: काकू, 200 रुपयांचं मुलगा खोटं सांगत नाहीये. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलांना, नातवंडांना किंवा वारलेल्या मुलाच्या बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण स्वस्तात होतंय म्हणून आजच करायचं, हे काय कारण झालं? मृत्युपत्राला तर एक रुपयाचाही स्टॅम्प लागत नाही.

खरा फरक पैशाचा नाहीच. मृत्युपत्र तुमच्या मागे लागू होतं, तोपर्यंत दहा वेळा बदला, फाडून टाका, कुणी विचारणार नाही. बक्षीसपत्र नोंदलं गेलं की त्या दिवसापासून घर त्याचं, तुम्ही तुमच्याच घरात पाहुण्या. मुलगा चांगलाय, मान्य, पण मग प्रश्न त्याच्या एकट्याच्या स्वभावाचा राहत नाही ना, त्याने धंद्यासाठी कर्ज काढून घर तारण ठेवलं, किंवा देव न करो पण तो तुमच्याआधी गेला, तर ते घर त्याच्या वारसांचं होतं, त्यात आई म्हणून तुमचा हिस्सा येतो पण हिस्साच येतो, म्हणजे स्वतः कमावलेल्या घरात तुम्ही सून-नातवंडांबरोबर वाटेकरी.

आता कुणी सांगेल की काळजी नको, ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे, मुलाने सांभाळलं नाही तर घर परत मिळतं. मिळतं, पण एक मेख आहे आणि ती नीट वाचा. त्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे 60 च्या पुढच्या माणसाने ‘माझ्या मूलभूत गरजा तू भागवायच्या’ या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अटीवर, हा शब्द महत्त्वाचा. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये साफ सांगितलं की अशी अट होती हे दिसलंच नाही तर कलम 23 लागू होणार नाही. आणि आपल्याकडची बक्षीसपत्रं कशी असतात? ‘लिहून देणार हे लिहून घेणार यांस नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी सदर मिळकत कायमची बक्षीस देत आहेत’, की झालं, खाली सह्या-अंगठे. यात लिहून देणार म्हणजे तुम्ही, लिहून घेणार म्हणजे मुलगा. प्रेमापोटी ही अट नव्हे हो. उलट त्या एका शब्दाने पुढे आईचीच अडचण होते, कारण समोरचा म्हणतो बघा, प्रेमाने दिलंय, अट कुठाय?

याच्या उलट जानेवारी 2025 मधली मध्य प्रदेशातल्या एका आईची केस. बक्षीसपत्रातच मुलगा आईला सांभाळतो असा उल्लेख होता आणि त्याच दिवशी मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं की मरेपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर तिने बक्षीसपत्र परत घ्यावं. पुढे बिनसलं. हायकोर्टात आई हरली, पण सुप्रीम कोर्टाने दोन्ही कागद एकत्र वाचले आणि घर तिला परत द्यायला लावलं. म्हणजे ती आई तरली ती त्या एका लिखाणामुळे.

त्यामुळे माझं मत विचाराल तर मृत्युपत्र करा, बक्षीसपत्र नको. आणि बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात हे लिहून घ्याच की लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा तहहयात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचाराचा खर्च करायचा, सदर घरात राहण्याचा हक्क लिहून देणार यांना तहहयात राहील, आणि यात कसूर झाल्यास बक्षीसपत्र रद्द करण्याचा अधिकार राहील. टायपिस्टकडे तयार मसुदा असतो तो बहुतेक वेळा या वाक्यांशिवायचाच असतो, सही करायच्या आधी स्वतः वाचा, चष्मा घरी विसरला असेल तर त्या दिवशी सही करू नका. चांगल्या मुलाला हे लिहून द्यायला काहीच अडचण नसते, आणि असली तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालंच.

प्रश्न: वडील मार्चमध्ये वारले, मृत्युपत्र नाही. बँक, शेअर्स, सोसायटी सगळीकडे त्यांनी धाकट्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं. तो म्हणतो नॉमिनी मी, तर सगळं माझं. आई, मी आणि एक बहीण आहोत.

उत्तर: नाही, सगळं त्याचं नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की कधीकधी बँकेच्या काउंटरवरही हेच ऐकायला मिळतं. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, घेऊन वारसांना द्यायचे. शेअर्सबद्दल जरा वाद होता, तोही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये मिटवला, नॉमिनी मालक होत नाही. सोसायटीचंही तेच, 2019 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, मालकी वारस कोण यावर ठरते. फक्त विम्याला अपवाद आहे, 2015 पासून नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम खरोखर त्यांचीच मानतात, तेव्हा पॉलिसीवर भावाचं नाव असेल तर ती सोडून द्या.

बाकी सगळ्यात वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीचे सारखे हिस्से, आई एक, तुम्ही तिघं भावंडं तीन. आणि एक विचारायचं राहिलं, वडिलांची आई आहे का? असेल तर पाचवा हिस्सा आजीचा. तिला सगळेच विसरतात, अगदी वारसदाखल्याच्या अर्जातसुद्धा, आणि मग तो अर्ज अडतो.

जाता जाता, 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आईच्या खात्याचं तेवढं याच आठवड्यात बघून घ्या.

प्रश्न: सासूबाई 78 वर्षांच्या, विसरायला लागल्यात. डॉक्टरांनी डिमेन्शियाची सुरुवात म्हणून सांगितलंय. त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलं की पुढे बँकेचे, घराचे व्यवहार आम्ही बघू शकू असं एकाने सुचवलं. बरोबर आहे का?

उत्तर: थोडे दिवसच. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असेपर्यंतच ते चालतं, ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवताय नेमक्या त्याच दिवशी ते कायद्याने संपतं. काही देशांत भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तशी सोय नाही. आणि माणूस गेल्यावर तर ते रद्दीच, तरी गेल्यानंतर महिनाभर त्यावर व्यवहार करत राहिलेले लोक मी पाहिलेत, पुढे फार महागात पडतं.

तर आत्ता काय? निदान झालं म्हणजे सही करायची क्षमता लगेच गेली असं नसतं. दिवस चांगला असतो तेव्हा त्यांना स्वतःला कळतंय का बघा, माझं काय काय आहे, माझी माणसं कोण, कुणाला काय द्यायचंय. एवढं त्या आपल्या शब्दांत सांगू शकत असतील तर मृत्युपत्र होऊ शकतं, पण मग त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं, शक्यतो त्यांच्यावर उपचार करणाऱ्याच डॉक्टरांचं, आणि ज्याला मिळणार आहे त्याने त्या वेळी खोलीत थांबू नये. बँकेत विश्वासातल्या माणसाबरोबर जॉइंट खातं, दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं, हेही त्या बोलत्या आहेत तोवरच करायचं. एकदा भान पूर्ण गेलं की हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो, होतं, पण मेडिकल रिपोर्ट, सगळ्या नातेवाइकांची संमती, तारखा, तुमचा जीव त्यात जातो.

प्रश्न: मृत्युपत्र साध्या कागदावर हाताने लिहिलं आणि रजिस्टर नाही केलं तर चालतं का?

उत्तर: चालतं. भाषा कुठलीही, कागद कुठलाही, नोंदणी ऐच्छिक. पण दोन साक्षीदार लागतातच, तुम्हाला सही करताना पाहिलेले, किंवा ही सही माझीच असं तुमच्या तोंडून ऐकलेले, आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. एकच साक्षीदार होता म्हणून चांगलं मृत्युपत्र वाया गेलेलं मी पाहिलंय, अक्षर बापाचं, सही बापाची, सगळ्या भावंडांना मान्य सुद्धा होतं, पुढे एका भावंडाने पलटी मारली. साक्षीदार तुमच्या वयाचे मित्र घेऊ नका, कोर्टात उभं राहायची वेळ येईल तेव्हा ते असायला हवेत ना. पानापानावर सही करा, तारीख घाला, आणि आधीचं एखादं असेल तर ते रद्द करतोय हे पहिल्या परिच्छेदातच लिहा. आधीचं नोंदवलेलं असलं तरी नंतरचं साधं मृत्युपत्रच खरं धरतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि ते कुठे ठेवलंय ते घरात निदान एकाला तरी सांगून ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंत आणि लॉकर फक्त तुमच्या एकट्याच्या नावावर असला, तर तुमच्या मागे तो कागद बाहेर काढण्यासाठीच आधी मुलांना बँकेत खेपा घालाव्या लागतील.