आधी आदेश वाच

प्रिय बाळ,

वकिलीची सनद निलंबित झाल्यापासून तू जेवत नाहीस, असं तुझी आई सांगत होती. जीव तुटतो गं. पण आदेशातली शिक्षेची ओळ तेवढी वाचून तू कागद मिटलास, याचा मला रागही आला. आदेश वाच. पहिल्या ओळीपासून.

मी वाचला. तक्रारदाराचा उलटतपास घेऊ द्या, असा तुझा अर्ज होता. रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या रोजच्या नोंदीत, तो आहे; आदेशात त्याचा मंजूर-नामंजूर उल्लेखच नाही. निष्कर्ष एवढाच, की ‘तक्रारीत तथ्य दिसते.’ का दिसते? कारण नाही. तुझं अपील इथं आहे. तू किती प्रामाणिक आहेस हे सांगणाऱ्या तुझ्या चार पानांत नाही. मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्येच सांगितलंय की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासायचा, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालता येत नाहीत.

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे, मग तिथं थेट रिट याचिका टाकूया म्हणतेस. त्या बेंचसाठी आम्ही ऐन उमेदीची वर्षं आंदोलनात घातली. 18 ऑगस्ट 2025 ला काम सुरू झालं तेव्हा डोळे भरून आले. म्हणून काय तिथंच धावायचं? रिट चालतच नाही असं नाही, पण अपिलाची वाट असताना ती का सोडली, हा पहिला प्रश्न येणार. अॅडव्होकेट्स अॅक्टचं कलम 37 उघड: आदेश कळवल्यापासून 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील. पुढं कलम 38, सर्वोच्च न्यायालय. अपील दाखल केलं म्हणून निलंबन थांबत नाही; कलम 40 खाली स्टेचा, म्हणजे स्थगितीचा, अर्ज वेगळा कर. आणि तोवर कुठल्याही कोर्टात उभी राहू नकोस, साध्या तारखेलासुद्धा नाही.

‘माफी लिहून दे, मिटव’ म्हणणारे भेटतील. मलाही भेटले होते, जवळचेच. मी दिली नाही. पक्षकार गेले, घरात कुरबुर झाली, हट्टी म्हणून नाव पडलं. पण न केलेल्या गोष्टीची माफी एकदा कागदावर गेली की पुढचं प्रत्येक कोर्ट तीच वाचणार होतं. आजही तेच करेन.

आदेश हातात पडल्याची तारीख पाकिटावर असेल, पाकीट टाकू नकोस. रोजनाम्याची सर्टिफाइड कॉपी उद्याच माग. आणि आदेश पुन्हा वाच, समासात पेन्सिलनं ‘का?’ लिहीत. ती प्रत घेऊन शनिवारी घरी ये. फीचं नाव काढायचं नाही.