गुडघा, श्वास आणि बैठक: शाओलिन सरावाबद्दल वाचकांचे प्रश्न

शाओलिन कुंग फू, ची कुंग (श्वास आणि सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम) आणि झेन ध्यान यांविषयी खान्देशातल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : तालमीत वाढलो, शंभर बैठका आजही सहज मारतो. पण कुंग फूच्या ‘माबू’त, म्हणजे घोडेस्वाराच्या पवित्र्यात, मिनिटभर थांबलो की गुडघे दुखतात. एवढ्या बैठका मारूनही असं का? (अमळनेर)

उत्तर : कारण त्या बैठकाच आहेत. तालमीच्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, गुडघे चवड्यांच्या पुढे येतात आणि लगेच आपण वर उठतो. सतत हालचाल असल्याने गुडघा ते सोसतो. माबूत मात्र तिथेच थांबायचं असतं. अंगवळणी पडलेली ती सवय माबूत आली की सगळा भार वाटीवर येतो.

पाय असे मांडा. दोन्ही पावलांच्या मध्ये आपलीच तीन पावलं मावतील एवढं अंतर ठेवा. बोटं समोर असावीत. कंबर तेवढी मोकळी नसेल तर बोटं थोडी बाहेर वळवा, पण गुडघाही त्याच दिशेला गेला पाहिजे. पावलं बाहेर आणि गुडघे आत, ही चूक सर्वांत जास्त दिसते. त्यात सांधा पिळला जातो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. टाचा जमिनीला चिकटलेल्या ठेवा. पाठीमागे बुटका स्टूल आहे असं समजून आधी नितंब मागे न्या आणि मग खाली बसा. नडगी जवळजवळ उभी राहिली तर मांडणी बरोबर आहे. कमरेत खळगा पडू देऊ नका.

मांडी जमिनीला समांतर आणण्याचा हट्ट पहिल्या दिवसापासून नको. सुरुवातीला अर्ध्यावरच थांबा. 30 सेकंदांच्या तीन फेऱ्या करा, मध्ये मिनिटभर चाला. दर आठवड्याला 10 सेकंद वाढवा. दोन मिनिटं स्थिर जमू लागली की मगच चार बोटं खाली जा. मांडी थरथरणं, जळजळणं ठीक आहे. वाटीखाली टोचलं किंवा सांध्याच्या आत कळ आली तर तिथेच उठा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा दुखला, तर आदल्या दिवशी तुम्ही जास्त खाली बसला होता.

प्रश्न : ची कुंगसाठी सकाळी पन्नास खोल श्वास घेतो. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ही ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, जागी होण्याची खूण आहे का? (शिरपूर)

उत्तर : नाही, ते थांबवा. घाईने खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं गरगरतं, बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं वाकडीही होतात. तुम्हाला असं होत असेल तर बसा, नाकाने सावकाश श्वास सोडा, आणि पुढचा श्वास आपोआप येईपर्यंत वाट पाहा.

नवख्याने श्वास मोजूच नये. हालचालीबरोबर तो आपोआप लांबतो. ‘बा दुआन जिन’ ही आठ हालचालींची मालिका त्यासाठी उत्तम आहे. पहिल्या हालचालीत दोन्ही हातांची बोटं गुंफून तळवे आकाशाकडे नेतात. हात वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. अशा सहा ते आठ आवृत्त्या, तोंड मिटून, खांदे न उचलता करा. श्वासाचा जोर छातीत नको. बेंबीखाली तीन बोटांवर, ज्याला ‘दानतियान’ म्हणतात तिथे, पोट हलकं फुगावं एवढंच. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखू नये. सहाव्या हालचालीत वाकून पाय धरतात, तिथे त्यांनी डोकं लोंबतं ठेवून थांबू नये. मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी शेवटची टाचा आपटण्याची हालचाल अलगद करावी, नाहीतर सोडावी.

वैशाखात वेळेचंही भान ठेवा. पारा 45 अंशांवर जातो तेव्हा घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, सकाळी आठलाच चटके बसू लागतात. नुसतं उभं राहण्याच्या सरावात, ‘झान झुआंग’मध्ये, रक्त पायांत साचतं. त्यात घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर माणूस सरळ कोसळतो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वी आटपा. गुडघे थोडे सैल ठेवा, आणि पाच मिनिटांच्या वर उभं राहायचं असेल तर मधून टाचा उचलत राहा.

प्रश्न : बोधिधर्माने भारतातून कुंग फू चीनला नेलं, हे खरं ना? (जळगाव)

उत्तर : अभिमानाची गोष्ट असली तरी पुरावा तसं सांगत नाही. हेनान प्रांतातल्या सोंगशान डोंगरावरचं शाओलिन मंदिर 495 साली बातुओ या भारतीय भिक्खूसाठी उभं राहिलं. बोधिधर्म तिथे नंतर आला, असं परंपरा मानते. त्याच्या नावावर खपणारा ‘यी जिन जिंग’ हा व्यायामाचा ग्रंथ 1624 च्या सुमाराचा आहे. शाओलिनच्या भिक्खूंनी 621 मध्ये पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला युद्धात मदत केली हे मात्र शिलालेखात आहे. पुढे मिंग राजघराण्याच्या काळात (1368–1644) त्यांचं नाव गाजलं ते मुठीपेक्षा काठीमुळे.

भारताचं देणं आहे ते ध्यानाचं. ‘ध्यान’ शब्दाचं चिनीत ‘छान’ झालं आणि जपानीत ‘झेन’. आपल्या शेजारी अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी कोरली गेली तेही पाचवंच शतक.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा आहे. व्हिडिओ पाहून वाळूच्या पोत्यावर तळहात आपटतो, विटा फोडायच्या म्हणतो. करू द्यावं का? (धुळे)

उत्तर : अजिबात नको. या वयात हाताच्या हाडांची वाढ होणारी टोकं मऊ असतात. तिथे मार बसला तर वाढ वाकडी होऊ शकते. ‘लोहतळहाता’च्या परंपरेतही सुरुवात मुगाच्या पिशवीने होते, वाळू फार पुढे येते, आणि जोर न लावता हात नुसता पडू देतात. हे सगळं अठरानंतर, शिक्षकासमोर.

त्याचा उत्साह मारू नका, हातात काठी द्या. भरीव वेळूची, भुवईपर्यंत उंचीची काठी घ्या. पेरं पॉलिश पेपरने घासा, बारीक फास राहू देऊ नका, वर जवसाचं तेल चोळा. उन्हात ठेवली तर ती तडकते. पहिले तीन महिने फक्त तीन गोष्टी शिकवा : समोर खुपसणं, वरून मारणं, बाजूला अडवणं.

प्रश्न : झेन बैठकीत वीस मिनिटांत पाय बधिर होतो. मांडी घालायची सवय असूनही! (चोपडा)

उत्तर : तुम्ही बहुधा सपाट सतरंजीवर बसता. त्यात गुडघे अधांतरी राहतात आणि कंबर मागे कलंडते. झेनची गोल उशी साधारण 15 ते 20 सेंटिमीटर उंच असते आणि नितंबाच्या मागच्या अर्ध्याखालीच ठेवतात, म्हणजे दोन्ही गुडघे जमिनीला टेकतात. खाली जाड गादी हवी. उशीत आपला नेहमीचा कापूस भरला तर तो महिन्याभरात दबून गोळा होतो. सावरीचा कापूस फुगीर राहतो. तो मिळाला नाही तर कापूस घट्ट ठासून भरा आणि दोन महिन्यांनी पुन्हा पिंजून घ्या.

बधिरपणा पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या भागावर असेल, तर गुडघ्याच्या बाहेरून जाणारी नस दबते आहे. वरचा पाय थोडा पुढे सरकवा. वीस मिनिटांनी उठून पाच मिनिटं अगदी सावकाश चाला. झेन मठांतही दोन बैठकांच्या मध्ये असं चालतात. पण पाय बधिर असताना एकदम उठू नका. घोटा मुरगळतो तो तिथेच. बोटं हलवा, पावलाला स्पर्श नीट कळू लागला की मगच त्यावर भार द्या.