हायड्रॉलिक प्रेसचा होज फेरूलजवळच सारखा फुटतो, चार वायरचा टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रेसच्या गेजवर २०० बार, पंप मिनिटाला ६० लिटरचा, होज अर्धा इंची एक वायरचा (रबरात तारेचा एकच थर), आणि तो दर काही महिन्यांनी सिलिंडरकडच्या फेरूलला (होजच्या टोकाला फिटिंगवर दाबून बसवलेल्या धातूच्या बाहीला) लागून फुटतो. दुकानदार म्हणतो, चार वायरचा टाका.

चार वायरचा नको. दोन वायरचा (होजवर आर२एटी किंवा २एसएन छापलेला) पाच सुती, म्हणजे ५/८ इंची घ्या आणि होजची वाट बदला. नुसता होज बदललात तर नवाही तिथेच फुटेल.

अर्धा इंची एक वायरच्या १एसएन होजचं वर्किंग प्रेशर १६० बार असतं. बर्स्ट, म्हणजे फुटण्याचं प्रेशर, त्याच्या चौपट, म्हणून २०० बारलाही तो लगेच फुटत नाही आणि आपल्याला वाटतं चालतंय. पण व्हॉल्व्ह पलटताना बसणारे झटके गेजच्या काट्यावर नीट दिसत नाहीत. होजच्या तारा मात्र दर स्ट्रोकला ते खातात. पाच सुती २एसएनला २५० बार मिळतात, तुम्हाला पुरेसे आहेत.

माप का वाढवायचं? लिटर प्रतिमिनिटला २१.२ ने गुणा आणि आतल्या व्यासाच्या (मिमी) वर्गाने भागा, म्हणजे तेलाचा वेग मीटर प्रतिसेकंदात येतो. अर्ध्या इंचात (१२.७ मिमी) ६० लिटरला तो जवळजवळ ८ येतो. प्रेशर लाइनला ५-६ च्या वर जाऊ नये, नाहीतर तेल तापतं. पाच सुतात (१५.९ मिमी) तो ५ वर येतो. रिटर्नला ३ च्या आत ठेवा. सक्शनला १ च्या आसपास, आणि तिथे आत स्पायरल तार असलेला आर४ च लावा. साधा होज ओढीने आत चेपतो.

आता फुटण्याची जागा. अर्धा इंची चार वायरचा (४एसपी) ४१५ बारचा असला तरी त्याला वळायला किमान २३० मिमी त्रिज्या लागते, २एसएनला १८० पुरते, आणि पाच सुती २एसएनला २००. सिलिंडर वर-खाली होताना होज फेरूलपाशीच मोडत असेल तर जाड, ताठ होज तिथे जास्तच ताण घेईल. फेरूलनंतर निदान ५० मिमी होज सरळ जाऊ द्या, मग वळण. जागा नसेल तर ९० अंशाचं एल्बो फिटिंग घ्या. लांबी स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना मोजा. प्रेशरखाली होज थोडा आखडतो, म्हणून ताणून बसवू नका. होजवरची छापील रेघ पीळ न पडता सरळ दिसली पाहिजे. नट आवळताना होजकडचा षट्कोन दुसऱ्या पान्याने धरा.

फुटलेला तुकडा भंगारात टाकण्याआधी त्याचं वरचं रबर सोला. तारा वळणाच्या बाहेरच्या बाजूलाच तुटल्या असतील तर दोष वाकण्याचा. गंजल्या असतील तर वरचं रबर आधीच घासून फाटलेलं होतं. तारा शाबूत आणि होज फेरूलमधून सरकून आला असेल तर क्रिम्पिंग (फेरूल मशीनवर होजवर दाबणं) कच्चं. आतली नळी कडक होऊन मोडत असेल तर टाकीतलं तेल फार तापतंय.

आटे अंदाजाने सांगू नका. मेल आट्याला व्हर्नियर लावा: बाहेरचा व्यास २१ मिमीच्या जवळ असेल तर अर्धा इंची बीएसपी (हो, २१), १९ असेल तर आठ नंबरचा जेआयसी (हे फिटिंगच्या आट्यांचे दोन वेगळे प्रकार). बीएसपीचा कोन ६० अंशांचा, जेआयसीची सीट ३७ अंशांची. एकावर दुसरं जबरदस्तीने बसवलं की टपकतंच, मग लोक टेफ्लॉन गुंडाळत बसतात. इथे सील सीटवर होतं, आट्यांवर नाही.

क्रिम्पिंगवाल्याकडे फिटिंग कंपनीचा तक्ता असतो. दाबल्यानंतर फेरूलचा व्यास त्याच्यासमोरच मोजून त्या तक्त्याशी ताडून घ्या, आणि कापलेल्या होजमधला रबराचा चुरा हवेने काढल्याशिवाय फिटिंग घालू देऊ नका; तो व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

बसवल्यावर गळती शोधायला बोट फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून २०० बारचं तेल कातडीत घुसतं, वरून टोचल्याएवढंच दिसतं, पण तेवढ्यावरून हाताचं ऑपरेशन करावं लागतं. पुठ्ठा धरून बघा.